कसर, स्प्रिंगटेल आणि ‘आदिम’ या शब्दाचा घोटाळा

बरेच दिवस न उघडलेले एखादे पुस्तक उघडावे आणि पानांच्या शिवणीतून एक चंदेरी, चपटी कसर सरसर पळत सुटावी, हा अनुभव बहुतेकांना असतो. कापड कुरतडणाऱ्या पतंगाच्या अळीलाही आपण कसरच म्हणतो, पण येथे अभिप्रेत आहे ती पुस्तकातली कसर, लेपिझ्मा सॅकरिनम. तिला चिरडण्याऐवजी भिंगाखाली ठेवले तर डोक्याकडून शेपटीकडे निमुळते होत गेलेले खवलेदार शरीर, लांब शृंगिका आणि मागे पसरलेल्या तीन बारीक शेपट्या दिसतात. पंख नाहीत, आणि ते गळून पडल्याच्या खुणाही नाहीत. पोटाच्या शेवटच्या काही खंडांखाली मात्र काड्यांसारखी इवलीशी उपांगे असतात. माशी, मुंगी किंवा फुलपाखरू उलटे करून पाहिले तर तेथे तसे काहीही आढळत नाही.

तिचे जगणेही निराळे आहे. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू आईसारखेच दिसते. अळी, कोष, मग प्रौढ असा प्रवास तिच्या वाट्याला येत नाही. फुलपाखरू एकदा प्रौढ झाले की पुन्हा कात टाकत नाही. कसर मात्र प्रौढ झाल्यावरही मरेपर्यंत कात टाकत राहते. नर मादीच्या शरीरात शुक्राणू सोडत नाही. तो शुक्राणूंची पुडी जमिनीवर ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. या सर्व लक्षणांमुळे कसर, दगडांवर उड्या मारणारे ब्रिसलटेल आणि ओलसर मातीत राहणारे स्प्रिंगटेल यांना ‘आदिम कीटक’ म्हणण्याची प्रथा पडली. काटेकोर वर्गीकरणात स्प्रिंगटेल कीटकांत मोडत नाहीत. त्यांना सहा पाय असतात, पण मुखांगे डोक्याच्या आत दडलेली असतात, म्हणून त्यांना कीटकांचे शेजारी मानले जाते.

‘आदिम’ हा शब्द सोयीचा असला तरी उत्क्रांतीच्या अभ्यासात जितका घोटाळा या एका शब्दाने केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाने केला असेल. आज जिवंत असलेली कसर ही फुलपाखराची पूर्वज नव्हे. दोघींचा एक समान पूर्वज होता, तो केव्हाच नाहीसा झाला, आणि त्यानंतर दोन्ही घराण्यांनी अगदी सारखाच काळ काढला आहे. कसरीच्या घराण्याने काही जुनी लक्षणे टिकवली, इतकेच. म्हणून ‘आदिम’ हे विशेषण प्राण्याला न लावता एकेका लक्षणाला लावणे शहाणपणाचे ठरते: पंख नसणे हे कसरीचे जुने लक्षण, पण तिची प्रत्येक गोष्ट जुनी असेलच असे नाही. उवा आणि पिसवा यांनाही पंख नाहीत. पण त्यांचे पूर्वज पंखधारी होते आणि त्यांनी पंख गमावले. म्हणजे तेच लक्षण एका ठिकाणी जुने आणि दुसऱ्या ठिकाणी नवे असते. कोणते कुठले, हे ठरवण्यासाठी शरीररचना पुरत नाही आणि जनुकांकडे वळावे लागते.

पहिला प्रश्न वंशवृक्षाचा. जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते. दोन जाती जितक्या पूर्वी वेगळ्या झाल्या, तितके त्यांच्या ओळींतले फरक साधारणपणे अधिक असतात. एकाच जनुकावर भिस्त ठेवली तर योगायोगाने फसगत होते, म्हणून शेकडो जनुके एकत्र तपासतात. २०१४ साली बर्नहार्ड मिसॉफ, कार्ल केयर, शिन झोउ आणि त्यांच्या सुमारे शंभर सहकाऱ्यांनी १,४७८ जनुकांच्या आधारे १४४ प्रकारच्या प्राण्यांची तुलना ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ज्यांचे वय ठाऊक आहे अशा जीवाश्मांशी बदलांचा वेग जुळवून त्यांनी काळही काढला: कीटकांचा उगम सुमारे ४७ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी आणि उड्डाणाचा आरंभ सुमारे ४० कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

या दुसऱ्या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे. स्कॉटलंडमधील रायनी येथील खडकांत सापडलेला रायनिएला हा स्प्रिंगटेल सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षे जुना आहे आणि तो आजच्या स्प्रिंगटेलसारखाच दिसतो. पंख असलेल्या कीटकांचे निर्विवाद जीवाश्म मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारण साडेबत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत दिसू लागतात. म्हणजे जनुके जेथे पंख आहेत असे सांगतात तेथपासून दगड ते दाखवू लागतात तेथपर्यंत सुमारे आठ कोटी वर्षांची पोकळी आहे. पंखांची कहाणी सांगू शकेल असा त्या काळातला पुरावा हाती नसल्यामुळेच जिवंत कसर आणि ब्रिसलटेल यांना एवढे महत्त्व आले आहे.

कीटक कोणाचे नातेवाईक, हाही वाद जनुकांनीच मिटवला. सहा पायांच्या प्राण्यांचे जवळचे आप्त म्हणजे गोम आणि तिचे भाऊबंद, असे दीर्घकाळ मानले जात होते, आणि दिसायला ते पटण्यासारखेही होते. १९९८ साली जेफ्री बूर आणि सहकाऱ्यांनी एक अगदी साधी खूण दाखवली. पेशीतील मायटोकाँड्रियाला स्वतःची छोटी, गोलाकार जनुकमाला असते आणि तिच्यातील जनुकांचा क्रम फार क्वचित बदलतो. कोळी आणि गोम यांच्यात ल्युसीनशी संबंधित एका आरएनएचे जनुक जेथे असते, तेथून ते कीटकांत आणि खेकडे-कोळंबी यांच्या कवचधारी वर्गात उचलले जाऊन दुसऱ्याच दोन जनुकांच्या मध्ये बसलेले आहे. तेच जनुक नेमक्या त्याच जागी दोनदा स्वतंत्रपणे जाऊन बसणे जवळजवळ अशक्य. तेव्हा ही उडी दोघांच्या समान पूर्वजातच झाली असली पाहिजे. २०१० साली ७५ जातींतील ६२ जनुकांच्या तुलनेने हेच चित्र पक्के केले. कीटक कवचधाऱ्यांच्या मोठ्या फांदीतूनच फुटले आहेत, आणि त्यांचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त म्हणून रेमिपीड या प्राण्यांचे नाव पुढे आले आहे. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या गुहांत राहणाऱ्या या आंधळ्या, पुष्कळ पायांच्या प्राण्यांच्या जिवंत जातीचे वर्णनसुद्धा १९८१ पर्यंत झालेले नव्हते.

जनुके कधी दिशाभूल करत नाहीत, असे मात्र समजू नये. २००३ साली मायटोकाँड्रियातील जनुकांच्या एका अभ्यासाने स्प्रिंगटेलना कीटकांपासून पार दूर नेऊन ठेवले आणि सहा पाय दोनदा उत्क्रांत झाले असावेत, असे सुचवले. पेशीकेंद्रातील शेकडो जनुकांनी नंतर त्यांना पुन्हा कीटकांच्या शेजारी आणून बसवले. अशा चुकांचे एक नेहमीचे कारण म्हणजे बदलांचा वेग. ज्या दोन घराण्यांत अक्षरे झपाट्याने बदलतात, त्यांच्यात योगायोगाने सारखी झालेली अक्षरेही वाढतात आणि नाते नसताना ती एकमेकांजवळ ओढली जातात.

वंशवृक्ष हा केवळ सांगाडा. खरी गंमत त्यावर लक्षणे मांडताना येते. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण वासाचे आहे.

पाण्यात राहणारा प्राणी पाण्यात विरघळलेले पदार्थ हुंगतो, तर जमिनीवरच्या प्राण्याला हवेत तरंगणारे रेणू ओळखावे लागतात. कीटकांच्या शृंगिकांवर त्यासाठी गंधग्राहक प्रथिनांचे एक खास कुटुंब असते आणि त्याचे सदस्य मुंग्यांमध्ये तर शेकड्यांनी असतात. बहुतेक कीटकांत हे ग्राहक एकटे काम करत नाहीत. प्रत्येकाला ‘ऑर्को’ नावाचे एक जोडीदार प्रथिन लागते. दोन्ही मिळून पेशीच्या आवरणात चार खांबांची एक नळी बनते, वासाचा रेणू चिकटला की ती उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि चेतापेशीला संदेश मिळतो. ही व्यवस्था केव्हा जन्माला आली?

२०१४ साली एका जर्मन संशोधक गटाने ब्रिसलटेलच्या आणि कसरीची सख्खी बहीण शोभेल अशा फायरब्रॅटच्या शृंगिकांत कार्यरत असलेली जनुके वाचली. ब्रिसलटेलमध्ये त्यांना हे कुटुंबच सापडले नाही, आणि फायरब्रॅटमध्ये केवळ ऑर्कोसारखी जनुके मिळाली. त्यावरून त्यांनी असा तर्क मांडला की ही व्यवस्था जमिनीवर येण्यासाठी नव्हे, तर उडताना वासाचा माग काढण्यासाठी घडली असावी. कल्पना देखणी होती. परंतु २०१८ साली फिलिप ब्रँड, ह्यू रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण जनुकसंच तपासले, तेव्हा फायरब्रॅटमध्ये गंधग्राहक आणि ऑर्को अशी पूर्ण व्यवस्था आढळली; ब्रिसलटेलमध्येही गंधग्राहक होते, फक्त ऑर्को नव्हते; आणि स्प्रिंगटेलमध्ये मात्र या कुटुंबाचा मागमूसही नव्हता. म्हणजे पंखांच्या कितीतरी आधी, कीटक म्हणून ज्यांना ओळखता येईल अशा पहिल्या प्राण्यांतच हे ग्राहक जन्माला आले होते.

दोन्ही गट काळजीपूर्वक काम करणारे होते. मग निष्कर्षांत एवढा फरक का पडला? फरक पद्धतीत आहे. पहिल्या पद्धतीत पेशीत त्या क्षणी ज्या जनुकांच्या आरएनए प्रती तयार होत असतात, त्यांचीच नोंद होते. स्वयंपाकघरात डोकावून आज काय शिजते आहे ते पाहावे, तशी ही पद्धत. फडताळात ठेवलेला पण आज न वापरलेला जिन्नस तिच्या नजरेतून सुटतो. मोजक्या पेशींत, अगदी मंद वापरात असलेली जनुके अशीच निसटू शकतात. संपूर्ण जनुकसंच वाचणे म्हणजे सगळी फडताळे उघडून पाहणे. एखादे जनुक ‘नाही’ असा दावा ऐकला की तो कोणत्या पद्धतीवर उभा आहे हे आधी विचारावे.

गोष्ट येथेही थांबली नाही. ऑर्कोची गरजच नसलेला गंधग्राहक म्हणजे संशोधकांसाठी सुटा मिळालेला सुटसुटीत भाग. रॉकफेलर विद्यापीठात व्हेनेसा रूटा यांच्या प्रयोगशाळेने २०२१ साली माकिलिस ह्राबेई या ब्रिसलटेलच्या पाच ग्राहकांपैकी एकाची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अणूंच्या पातळीपर्यंत टिपली. एकाच प्रथिनाच्या चार प्रती एकत्र येऊन मध्ये नळी तयार होते आणि प्रत्येक प्रतीत रेणू बसण्याची एक खाच असते. लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉल आणि डासांना पळवणारे डीट, हे दोन अगदी वेगळे रेणू त्याच खाचेत बसतात. ते तेथे घट्ट कुलूप-किल्लीसारखे न अडकता सैल, तेलकट स्पर्शाने टिकून राहतात. खाचेतील एकेक अमिनो आम्ल बदलले की कोणत्या वासांना प्रतिसाद मिळतो हेही बदलते. अनेक वासांना सैलसर प्रतिसाद देणाऱ्या एका ग्राहकापासून, थोड्याथोड्या बदलांनी, विशिष्ट वास टिपणारी शेकडो प्रथिने कशी तयार झाली असतील, याची कल्पना दगडावरच्या या पंखहीन जिवामुळे करता येते.

पायांची कथा वेगळ्या प्रकारची आहे, कारण तिच्यात नवे जनुक आलेलेच नाही. जुन्याचा वापर बदलला आहे. कवचधाऱ्यांत शरीराच्या मागच्या खंडांनाही पाय असतात, कीटकांत ते छातीच्या तीन खंडांपुरते उरले. कोणत्या खंडाने काय व्हायचे हे हॉक्स जनुके ठरवतात. यांपैकी अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक एडवर्ड लुईस यांच्या फळमाशीवरील कामामुळे प्रसिद्ध झाले. त्याचा विशिष्ट नियंत्रक भाग बिघडवला की दोन पंखांच्या माशीला चार पंख येत, आणि या संशोधनासाठी १९९५ साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. २००२ साली एका संशोधक गटाने असे दाखवले की फळमाशीतील अल्ट्राबायथोरॅक्सचे प्रथिन पाय उगवू देत नाही, परंतु आर्टेमिया या कवचधारी प्राण्यातले तेच प्रथिन फळमाशीच्या गर्भात घातले तर ते ही मनाई नीट बजावत नाही. फरक प्रथिनाच्या शेपटाकडच्या भागात होता.

मग स्प्रिंगटेलचे काय? त्यांच्या पोटाखाली तीन वेगवेगळी उपांगे असतात. पहिल्या खंडावर पाणी शोषणारी नळी, चौथ्यावर दुभंगलेली स्प्रिंग, आणि तिसऱ्यावर ती स्प्रिंग अडकवून ठेवणारा आकडा. धोका जाणवला की आकडा सुटतो, स्प्रिंग जमिनीवर आदळते आणि प्राणी हवेत उडतो. बार्बोरा कोनोपोव्हा आणि मायकेल एकम यांनी २०१४ साली ऑर्केसेला सिंक्टा या जातीत आरएनएच्या साह्याने ही जनुके गप्प करून पाहिले. नळीसाठी अल्ट्राबायथोरॅक्स, स्प्रिंगसाठी अॅब्डॉमिनल-ए हे दुसरे हॉक्स जनुक, आणि आकड्यासाठी दोन्ही मिळून, अशी संकेतावली हाती आली. माशीत जी जनुके पोटावर पाय येऊ देत नाहीत, तीच येथे पायाच्या मूळ आराखड्यातून तीन निरनिराळी अवजारे घडवतात. कसरीच्या पोटाखालच्या त्या काड्यांकडे हे वाचल्यावर पुन्हा पाहावेसे वाटते.

पंखांबाबत वाद अजून धगधगता आहे. पाठीच्या कडेचा पापुद्रा वाढून पंख झाले, असे एक मत. पूर्वजांच्या पायाच्या बुडाशी असलेल्या कल्ल्यासारख्या पाळीपासून झाले, असे दुसरे. २०१० साली जपानी संशोधकांना ब्रिसलटेलच्या पाठीच्या कडेला आणि पायावरील काडीसारख्या उपांगात, माशीत पंख घडवणारी जनुके कार्यरत असल्याचे दिसले. २०२० साली पॅरायली या कवचधारी प्राण्यात क्रिस्पर तंत्राने जनुके निकामी करून दोन गटांनी अशी मांडणी केली की पूर्वजांच्या पायाचे बुडाकडचे खंड शरीराच्या भिंतीत सामावले गेले आणि त्यांच्या पाळ्या पाठीकडे सरकल्या. तसे असेल तर दोन्ही मतांत थोडे थोडे तथ्य निघते. त्याच वर्षी क्लोइऑन डिप्टेरम या मेफ्लायचा, म्हणजे पिल्लूपण पाण्यात घालवणाऱ्या पंखधारी कीटकाचा, जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि तिच्या पिल्लांच्या कल्ल्यांत व पंखांत सारखी जनुके वापरली जातात असे आढळले. मला येथे सावध राहावेसे वाटते. एकच जनुकसमूह दोन अवयवांत वापरला जाणे, एवढ्यावरून एक अवयव दुसऱ्यापासून निघाला हे सिद्ध होत नाही. तयार हत्यार हाताशी असले की ते नव्या कामालाही लावले जाते.

संप्रेरकाच्या बाबतीत पुरावा अधिक नेमका आहे. बाल्यसंप्रेरक सुरवंटाला सुरवंटच ठेवते. त्याचे प्रमाण घटले की कोष तयार होतो. ज्या फायरब्रॅटमध्ये असे रूपांतरच होत नाही, तेथे हे संप्रेरक काय करते? जेम्स ट्रुमन, लिन रिडिफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली याचे उत्तर अंड्यात शोधले. संप्रेरकाची निर्मिती रोखली की गर्भ वाढतो, पण त्याच्या पेशी अखेरचे पक्के रूप धारण करत नाहीत. बाहेरून संप्रेरक दिले की काम पुढे सरकते. वेळेआधी दिले तर पेशी घाईने पक्व होतात आणि वाढ खुंटते. तेव्हा वाढ थांबवून पेशींना पक्के करणे हे त्याचे मूळ काम दिसते, आणि सुरवंटाला बाल्यावस्थेत रोखून धरण्याची जबाबदारी त्याच्याकडे नंतर आली.

आणि शेवटी, आदिम म्हणून सर्वांत मागे ढकलले जाणारे स्प्रिंगटेल. फोल्सोमिया कँडिडा या जातीत माद्या नराविना पिल्ले घालतात, आणि त्यामागे वोल्बाकिया हा पेशीत राहणारा जिवाणू असतो. २०१७ साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे २.८ टक्के जनुके परकी, म्हणजे मुख्यतः जिवाणू आणि बुरशी यांच्याकडून आलेली निघाली. त्यांत पेनिसिलिनच्या कुळातील प्रतिजैविक बनवण्याच्या साखळीतील एक जनुक आहे. जिवाणू आणि बुरश्या यांनी गजबजलेल्या मातीत राहणाऱ्याला असे जनुक का उपयोगी पडावे हे समजण्यासारखे आहे. आधीच, २०१३ साली, या जनुकापासून मिळवलेले प्रथिन प्रयोगशाळेत तपासले गेले होते, आणि त्याने त्या साखळीतला आयसोपेनिसिलिन एन हा पदार्थ खरोखर तयार केला.